परदेशी पोलिसांना ड्रोनविरोधी यंत्रणा विकायची, तर आधी त्यांचा कायदा वाचा

२०२५चा डिसेंबर उजाडेपर्यंत अमेरिकेतल्या एखाद्या शहराच्या पोलिसाने भरलेल्या स्टेडियमवर घिरट्या घालणारा ड्रोन, रेडिओ संदेश दाबून टाकणारा जॅमर लावून खाली आणला असता, तर कायद्याने तो पोलिसच अडचणीत आला असता. तिथल्या कायद्यात ड्रोन हे विमान धरलं जातं आणि विमानाला इजा करणं हा गंभीर गुन्हा आहे. रेडिओ संदेशात अडथळा आणायला दळणवळण कायद्याची बंदी आहे. ड्रोन आणि त्याच्या चालकातलं संभाषण ऐकायला गेलं, तर फोन टॅपिंगचा कायदा आडवा येतो. २०१८च्या एका कायद्याने यातून सूट दिली होती, पण ती गृहसुरक्षा आणि न्याय या केंद्रीय खात्यांपुरती. राज्यांची आणि शहरांची पोलिस दलं हजारोंच्या संख्येत असूनही बाहेरच राहिली.

मग १८ डिसेंबर २०२५ रोजी संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यावर सही झाली. त्यातल्या एका भागाने राज्य आणि स्थानिक पोलिसांनाही, प्रशिक्षण घेण्याच्या अटीवर, ड्रोन रोखण्याचा अधिकार दिला. हे प्रशिक्षण देण्यासाठी एफबीआयने अलाबामातल्या हंट्सव्हिलला केंद्र उभारलं आहे. आपत्ती व्यवस्थापन पाहणाऱ्या फेमाकडे यासाठी ५० कोटी डॉलरचं अनुदान होतं. त्यातले पहिले २५ कोटी २०२६च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने होणाऱ्या ११ राज्यांना आणि राजधानीच्या परिसराला मिळाले. सहीच्या आदल्या दिवशी जी यंत्रं होती, तीच दुसऱ्या दिवशीही होती. बदलला तो फक्त कायदा, आणि एका देशात नवी बाजारपेठ उघडली.

या क्षेत्रात उतरणाऱ्याने सगळ्यांत आधी हे लक्षात घ्यावं. ड्रोनविरोधी तंत्रज्ञानावरचे बहुतेक लेख यंत्राचा पल्ला, वजन आणि अँटेनांची संख्या यांपासून सुरू होतात. पोलिसांच्या बाबतीत सुरुवात तिथून करून चालत नाही. लष्कराला युद्धभूमीवर जे करता येतं, त्यातलं फार थोडं पोलिसांना शहरात करता येतं. किती करता येतं ते देशागणिक बदलतं, आणि त्या मर्यादेतच तुमचं गिऱ्हाईक असतं.

ग्राहक नेमका कोण?

"जर्मन पोलिस" नावाचा एक ग्राहक नसतो. जर्मनीत १६ राज्यांची १६ स्वतंत्र पोलिस दलं आहेत, प्रत्येकाचा पोलिस कायदा वेगळा. विमानतळ, रेल्वे आणि सीमा यांची जबाबदारी केंद्राच्या पोलिसांकडे. ऑक्टोबर २०२५च्या सुरुवातीला म्युनिक विमानतळ ड्रोन दिसल्यामुळे लागोपाठ दोन रात्री बंद ठेवावा लागला. आठवडाभरात मंत्रिमंडळाने केंद्रीय पोलिसांना ड्रोन जॅम करण्याचे, गरज पडल्यास पाडण्याचे अधिकार देणारा मसुदा मंजूर केला, आणि डिसेंबरात त्यांचं ड्रोनविरोधी पथक सुरूही झालं. म्हणजे एकाच देशात एक ग्राहक तयार आहे आणि बाकीचे आपापल्या विधिमंडळाच्या वेगाने चालले आहेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रादेशिक पोलिस दलं ४३ आहेत. पण तिथे रोजचा त्रास तुरुंगांना आहे. रात्री ड्रोन येतो आणि खिडकीपाशी अमली पदार्थ, फोन, कधी शस्त्रं सोडून जातो. जानेवारी २०२४पासून तिथल्या बंदिस्त तुरुंगांभोवती ४०० मीटरचं ड्रोनबंदी क्षेत्र आहे. वर्षभराने तुरुंगांच्या मुख्य निरीक्षकांनी याला राष्ट्रीय सुरक्षेचा धोका म्हटलं. इथे पैसे तुरुंग विभाग देतो आणि अटक पोलिस करतात. विकणाऱ्याला दोघांशीही बोलावं लागतं.

आखाती देशांत उलट चित्र दिसतं. गृहमंत्रालय एकच, निर्णय केंद्रित, पैसा मोठा. पण स्थानिक भागीदाराशिवाय पुढे सरकणं कठीण, आणि धोका पोलिसी पातळीच्या पुष्कळ वरचा. जानेवारी २०२२मध्ये अबू धाबीवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला आणि पाच दिवसांत अमिरातीने छंदासाठी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली. लॅटिन अमेरिकेत तर काही ठिकाणी पोलिसांची गरज लष्कराच्या जवळ जाते. कोलंबियात ऑगस्ट २०२५मध्ये कोका या कोकेनच्या पिकाविरुद्धच्या मोहिमेवरच्या पोलिस हेलिकॉप्टरवर ड्रोनने हल्ला झाला आणि डझनभर पोलिस मारले गेले. अशा ग्राहकापुढे स्टेडियमच्या सुरक्षेचा डेमो दाखवण्यात अर्थ नाही.

मागणी कधी जागी होते

पोलिस ड्रोनविरोधी साधनं सहसा तीनच प्रसंगी घेतात. काहीतरी घडल्यावर, काहीतरी मोठं होणार असल्यावर, किंवा रोजचा उपद्रव सहन होईनासा झाल्यावर.

पहिल्या प्रकारचं जुनं उदाहरण टोकियोचं. २०१५च्या एप्रिलमध्ये जपानच्या पंतप्रधान कार्यालयाच्या छतावर एक छोटा ड्रोन सापडला. त्याला किरणोत्सर्गी वाळूची बाटली बांधलेली होती. तो तिथे जवळपास दोन आठवडे पडून होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोकियो महानगर पोलिसांनी जाळं लावलेले मोठे ड्रोन उडवणारं पथक उभं केलं. २०१८च्या नाताळाआधी ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची सुमारे १००० उड्डाणं आणि १ लाख ४० हजार प्रवासी अडकले, आणि ब्रिटनमध्ये खरेदीची घाई सुरू झाली. सप्टेंबर २०२५मध्ये कोपनहेगनचा विमानतळ काही तास बंद पडल्यावर युरोपभर तेच झालं. अशा वेळी पैसा लवकर सुटतो. पण त्या घाईत घेतलेलं यंत्र पुष्कळदा चुकीचं निघतं आणि नंतर दोष विकणाऱ्याच्या माथी येतो.

दुसरा प्रकार मोठ्या सोहळ्यांचा. २०२२च्या कतार विश्वचषकात स्टेडियमच्या रक्षणासाठी फोर्टेम या अमेरिकी कंपनीचे जाळं फेकणारे ड्रोन होते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी फ्रान्सने 'पराद' या यंत्रणेचं कंत्राट थालेस आणि सीएस ग्रुप यांना २०२२मध्येच दिलं होतं. कंत्राट सोहळ्याच्या दोन वर्षं आधी सुटलं, म्हणजे त्याची बोलणी त्याहूनही आधीची. ब्रिटन आणि आयर्लंडमधला २०२८चा युरो चषक, लॉस एंजेलिसचं २०२८चं ऑलिंपिक, स्पेन-पोर्तुगाल-मोरोक्कोतला २०३०चा विश्वचषक, ब्रिस्बेनचं २०३२चं ऑलिंपिक या तारखा ठरलेल्या आहेत. त्यातून दोन-तीन वर्षं मागे मोजलं, की तिथल्या गृहखात्याचं दार कधी ठोठवायचं ते कळतं.

सोहळ्याच्या बाजारात एक अडचण आहे. सोहळा संपतो. महागडी रडार गोदामात जातात आणि पुढचं बजेट शून्यावर येतं. म्हणून यंत्र आणि ते चालवणारी माणसं भाड्याने देण्याचा व्यवहार इथे वाढतो आहे, आणि छोट्या देशांच्या पोलिसांसाठी तोच शहाणपणाचा आहे.

तिसरा प्रकार तुरुंग, सीमा आणि विमानतळ यांचा. याच्या बातम्या क्वचित येतात, पण वर्षानुवर्षं टिकणारं उत्पन्न इथेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोलिसाला काय हवं असतं

सैनिकाला ड्रोन थांबायला हवा असतो. पोलिसाला तो उडवणारा माणूस हवा असतो, आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा. या एका फरकाने यंत्रांचा सगळा क्रम बदलतो.

पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी न्यूझीलंडच्या महिला फुटबॉल संघाच्या सरावावर ड्रोनने हेरगिरी झाली. उडवणारा कॅनडाच्या संघाचाच कर्मचारी निघाला आणि फिफाने कॅनडाचे ६ गुण कापले. ड्रोन कुणी नुसताच पाडला असता, तर हाती तुटकं प्लॅस्टिक राहिलं असतं. माणूस सापडला म्हणून प्रकरण उभं राहिलं.

त्यामुळे पोलिसांच्या यादीत सगळ्यांत वर येतो तो रेडिओ लहरी ऐकणारा सेन्सर. बाजारातले बहुतेक ड्रोन २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर आपल्या चालकाशी बोलतात. सेन्सर ते ऐकतो, ड्रोनचा प्रकार ओळखतो आणि अनेकदा चालक कुठे उभा आहे तेही सांगतो. तो स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. रडार लावायचं तर त्या देशाच्या स्पेक्ट्रम खात्याकडून वारंवारतेची परवानगी लागते. ऐकणाऱ्या सेन्सरला ती लागत नाही. परदेशात पाय ठेवताना हा फरक महिने वाचवतो. मात्र ड्रोनच्या संदेशातला मजकूर उलगडणं काही देशांत संभाषणाच्या गोपनीयतेचा भंग ठरतं, म्हणून सेन्सर काय साठवतो आणि काय नाही हे लेखी मांडता आलं पाहिजे. युरोपात तर हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो.

रिमोट आयडी या नियमाने इथे मोठी मदत केली आहे. ड्रोनने उडताना स्वतःची ओळख आणि जागा सतत प्रसारित करायची, असा हा नियम. जपानमध्ये तो जून २०२२पासून १०० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनना लागू आहे. अमेरिकेत मार्च २०२४पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली, युरोपीय संघात जानेवारी २०२४पासून बऱ्याच ड्रोनना तो लागतो. याने प्रामाणिक आणि निष्काळजी लोक वेगळे काढता येतात. उरतात ते लपणारे, आणि पोलिसांचा वेळ त्यांच्यासाठी मोकळा राहतो.

एका कंपनीवर विसंबण्याचा धडाही पोलिस शिकले आहेत. डीजेआय या चिनी कंपनीचे ड्रोन जगात सर्वाधिक विकले जातात. ते ओळखणारं एअरोस्कोप नावाचं साधन हीच कंपनी २०१७पासून विकत होती आणि कित्येक पोलिस दलं त्यावर निश्चिंत होती. २०२३मध्ये कंपनीने ते बंद केलं. आता खरेदी अधिकारी हमखास विचारतात, तुमचं साधन किती कंपन्यांचे ड्रोन ओळखतं आणि नवे आल्यावर यादी किती दिवसांत सुधारता? अँटिव्हायरससारखाच हा मामला आहे. यादी जुनी झाली की यंत्र आंधळं. त्यामुळे यंत्राच्या किमतीपेक्षा वार्षिक वर्गणी हा या धंद्याचा मोठा आधार बनला आहे.

रेडिओ सेन्सरला काही ड्रोन दिसतच नाहीत. आधी ठरवलेल्या मार्गाने गुपचूप उडणारे, मोबाइल नेटवर्कवर चालणारे, आणि युक्रेन युद्धात पुढे आलेले फायबरच्या धाग्याने चालणारे. तिथे रडार लागतं. छोटा ड्रोन आणि पक्षी रडारवर सारखेच दिसतात, पण पंख्यांच्या फिरण्याने परतणाऱ्या लहरीत सूक्ष्म फरक पडतो आणि त्यावरून ड्रोन वेगळा काढता येतो. रडारने दाखवलेलं कॅमेऱ्याने पडताळायचं, अशी जोडी बहुतेक ठिकाणी दिसते. आवाज ऐकणारी साधनंही आहेत, पण गोंगाटाच्या शहरात त्यांचा पल्ला फार घटतो.

आता थांबवण्याचं. जॅमर स्वस्त आणि सोपा वाटतो, पण २.४ गिगाहर्ट्झवरच वायफाय आणि ब्लूटूथ चालतात, आणि उपग्रहाचा स्थानसंकेत (जीपीएस) दाबला तर विमानांपर्यंत परिणाम पोचू शकतो. पोलिसांचे स्वतःचे ड्रोनही त्यातच पडतात. शिवाय गर्दीवर अडलेला ड्रोन कुठे कोसळेल, याची हमी कुणी देत नाही. म्हणून ड्रोनचा ताबा घेऊन तो सुरक्षित जागी उतरवणाऱ्या प्रणालींना पोलिसांत पसंती मिळते. इस्रायलच्या डी-फेंड आणि सेंट्रिक्स या त्यातल्या ठळक कंपन्या. हे तंत्र सगळ्या ड्रोनवर चालत नाही, आणि काही देशांत त्याला संगणकात घुसखोरी मानतात. म्हणजे पुन्हा कायदा वाचणं आलंच.

नेदरलँड्सच्या पोलिसांनी तर गरुडांना ड्रोन पकडायला शिकवलं होतं. २०१६मध्ये जगभर त्याचे व्हिडिओ फिरले. २०१७ संपताना प्रयोग बंद झाला. खर्च जास्त, पक्षी दर वेळी शिकवल्याप्रमाणे वागेनात, आणि त्यांना बोलावण्याची वेळही फारशी येईना. डेमोला टाळ्या मिळणं वेगळं आणि महिन्याच्या तीसही दिवशी ड्यूटी करणं वेगळं. पोलिस खरेदीत दुसऱ्यालाच किंमत असते.

चूक झाली तर तिची किंमत काय असते, ते गॅटविकने दाखवलं. संशयावरून पकडलेल्या एका जोडप्याला काही न सापडल्यामुळे सोडून द्यावं लागलं आणि पुढे २०२०मध्ये ससेक्स पोलिसांना भरपाई आणि खटल्याचा खर्च मिळून सुमारे २ लाख पौंड मोजावे लागले. लोकांनी पाहिलेल्यांपैकी काही ड्रोन पोलिसांचेच असू शकतील, असं तिथल्या पोलिसप्रमुखांनी सांगितलं होतं. म्हणून आपला कोणता आणि परका कोणता हे दाखवणारी, प्रत्येक नोंद वेळेसकट जपणारी यंत्रणा पोलिसांना हवी असते. २०२४मध्ये अ‍ॅक्सॉनने डीड्रोन ही ड्रोनविरोधी यंत्रणांची कंपनी विकत घेतली, त्याचा अर्थ इथे लागतो. अ‍ॅक्सॉन पोलिसांना विजेचा झटका देणारी टेझर, अंगावरचे कॅमेरे आणि डिजिटल पुरावा साठवण्याची व्यवस्था विकते. आकाशातला पुरावा तिला त्याच साखळीत जोडायचा आहे.

कागदावर सिद्ध करा

प्रत्येक कंपनीचं माहितीपत्रक जवळजवळ शंभर टक्के यशाचा दावा करतं, आणि अनुभवी अधिकारी ते बाजूला ठेवतात. इंटरपोलने सप्टेंबर २०२१मध्ये ऑस्लोच्या चालू विमानतळावर वेगवेगळ्या यंत्रणा तीन दिवस एकत्र तपासल्या. त्यानंतर युरोपीय संघाच्या पैशातून करेजिअस नावाच्या प्रकल्पाने ड्रोन ओळखणाऱ्या यंत्रणा तपासायची एकसारखी पद्धत तयार केली. ती युरोपच्या मानक संस्थेने सीडब्ल्यूए १८१५० या क्रमांकाने प्रसिद्ध केली. त्या पद्धतीने घेतलेल्या चाचणीचे आकडे, खोट्या इशाऱ्यांच्या प्रमाणासकट, दाखवणारी छोटी कंपनीही गंभीरपणे ऐकली जाते.

छोट्या कंपनीने पूर्ण यंत्रणेच्या निविदेत थेट उतरण्याचा हट्ट धरू नये. नेदरलँड्सची रॉबिन रडार किंवा अमेरिकेची एकोडाइन यांची रडार इतरांच्या यंत्रणांमध्ये बसून देशोदेशी पोचली आहेत. त्यासाठी आपलं साधन दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरशी बोलायला हवं. ब्रिटनच्या संरक्षण प्रयोगशाळेतून आलेलं सेपियंट हे मानक यासाठीच आहे, आणि नाटोनेही त्याची दखल घेतली आहे. युरोपातल्या ठरावीक रकमेवरच्या निविदा टेड या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. जुन्या निविदांमधल्या अटी वाचल्या, तर कोणत्या पोलिस दलाला काय सलतं ते विक्रेत्यांच्या कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं कळतं. पॅरिसचं मिलिपोल, जर्मनीचं जीपेक आणि फार्नबरोचं सिक्युरिटी अँड पोलिसिंग या प्रदर्शनांत खरेदी करणारी माणसं भेटतात. शेवटच्यात प्रवेश छाननीनंतरच मिळतो.

पैशाचा अंदाज मात्र जमिनीवर ठेवावा. या क्षेत्रातल्या मोठ्या रकमा अजून लष्कराकडून येतात. ऑस्ट्रेलियाच्या ड्रोनशील्ड या ड्रोनविरोधी कंपनीला जून २०२५मध्ये मिळालेली ६ कोटी १६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची ऑर्डर युरोपातल्या लष्करी ग्राहकाची होती. पोलिसांच्या ऑर्डरी छोट्या, विखुरलेल्या आणि सावकाश असतात. नुसत्या त्यांच्यावर कंपनी उभी करायची, तर दोन-तीन वर्षं तग धरण्याइतकं भांडवल हाताशी हवं.

निर्यात परवाना आणि एक नैतिक प्रश्न

जॅमर, ताबा घेणाऱ्या प्रणाली आणि काही रडार यांच्यावर जवळपास सगळीकडे निर्यात नियंत्रण असतं. शस्त्रं आणि लष्करी उपयोग होऊ शकणाऱ्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीबाबतच्या वासेनार करारातले ४२ देश आपापल्या याद्या त्या करारानुसार ठेवतात. पुष्कळांना हे उशिरा कळतं, की डेमोसाठी आठवडाभर यंत्र नेऊन परत आणायचं असेल तरी परवाना लागू शकतो, आणि नियंत्रित यंत्राचे तांत्रिक आराखडे ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यात धरली जाते. अंतिम वापर कोण करणार याचं प्रमाणपत्रही मागितलं जातं.

ते प्रमाणपत्र मिळालं की जबाबदारी संपली, असं मला वाटत नाही. आज निदर्शनांमध्ये पोलिस काय करतात ते वरून टिपणारा कॅमेरा पुष्कळदा पत्रकाराच्या किंवा नागरिकाच्या ड्रोनवर असतो. २०१४मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसनमध्ये निदर्शनांच्या वेळी आकाशात उड्डाणबंदी लावली गेली. तिचा हेतू वृत्तवाहिन्यांची हेलिकॉप्टरं दूर ठेवण्याचा होता, हे नंतर असोसिएटेड प्रेसने मिळवलेल्या ध्वनिमुद्रणांतून उघड झालं. ते परिपक्व लोकशाहीत घडलं. जिथे न्यायालयं दबलेली आहेत, तिथे चालकाचा ठावठिकाणा सेकंदात सांगणारं यंत्र कुणाच्या दारी पोलिस नेईल, याचा विचार विकण्याआधी करायला हवा. यंत्र केव्हा, कुणी, कशासाठी वापरलं याची पुसता न येणारी नोंद ठेवणं, गैरवापर दिसला तर यंत्राच्या यादीची सुधारणा थांबवण्याचा हक्क करारात लिहून घेणं, आणि काही ग्राहकांना सरळ नाही म्हणणं, हे कंपनीच्या हातात असतं.

उद्या कुणी छोटी कंपनी घेऊन या बाजारात उतरत असेल, तर मी तिला तुरुंग आणि सोहळे यांसाठी फक्त ऐकणाऱ्या सेन्सरपासून सुरुवात करायला सांगेन. देश असा निवडावा, जिथे रिमोट आयडी लागू आहे आणि पोलिसांचे अधिकार कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. थांबवण्याचं साधन तिथल्याच परवानाधारक भागीदाराकडून जोडून घ्यावं. पहिल्या करारात यंत्रांची संख्या कमी असली तरी चालेल, पण प्रशिक्षण, यादीची सुधारणा आणि पुराव्याच्या नोंदी किमान तीन वर्षांसाठी लिहून घ्याव्यात. शेजारच्या जिल्ह्याचा पोलिसप्रमुख माहितीपत्रक मागत नाही. तो पहिल्या प्रमुखाला फोन करून विचारतो, की किती खोटे इशारे आले आणि किती माणसं पकडली.